एक मत बाद

एप्रिलमध्ये मतदारयादी करायला बसलो
तेव्हा पहिल्यांदा कळलं
की आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना नावंच नाहीत.
कुणी ओढ्याकाठची सून, कुणी थोरल्या पाकची आई,
कुणी नुसतंच "अगं".
पण वहीत रकाना होता.
मी, ओ दाल-सू, एरवी खताची पोती मोजणारा,
साठीच्या बायकांची बारशी करत सुटलो.

ती बराच वेळ आठवत राहिली.
मग म्हणाली, आई हाक मारायची माक-न्यो.
म्हणजे शेवटची. म्हणजे नकोशी.
लिही तेच, म्हणाली, दुसरं कुठून आणू?

मेची दहा तारीख. सोमवार.
शाळेबाहेर दंडुके घेतलेली पोरं,
परदेशी पाहुण्यांची जीप आली, धूळ पाहून गेली.
भिंतीवर उमेदवार,
आणि वाचता न येणाऱ्यांसाठी नावांवर काठ्या:
एक काठी, दारूभट्टीवाला.
दोन काठ्या, चर्चमधले वडीलधारे.
तीन काठ्या, जपान्यांचा जुना दुभाषी,
ज्याला आता इंग्रजीही येऊ लागलं होतं.

माक-न्यो रांगेत आली ती धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत,
रबरी बूट हातात घेऊन, दारात घातले.
विचारलं, "यातली कुठली काठी पाणी सोडते?"

कुणीतरी हसलं. मी हसलो नाही.
आमची शेतं रेषेच्या अलीकडे,
शेतांना पाणी पाजणारा तलाव पलीकडे,
आणि तलावाच्या दरवाज्यावर चावी फिरवणारा
हिचा धाकटा, चांग-गिल.
तीन वर्षांपूर्वी कुणी परक्याने
भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली.
आम्हाला वाटलं, पाण्यावरची रेघ, पुसली जाईल.
ती काळ्या दगडावर उमटली.
वाफ्यात तरवा वीतभर झालेला,
पाट कोरडा,
पाटात बेडूकही बोलेना.

"दोन कागद दे," ती म्हणाली.
"एक माझा, एक चांग-गिलचा. त्याला येऊ देत नाहीत."
मी सांगितलं, तिकडच्यांच्या शंभर खुर्च्या
सोलमध्ये रिकाम्या ठेवणार आहेत.
"रिकाम्या?" तिने विचारलं. "पुसतं कोण त्या?"
याचं उत्तर माझ्या सूचनापत्रकात नव्हतं.

पडद्यामागे शिक्क्यासाठी दोऱ्याला बांधलेलं
बंदुकीचं रिकामं काडतूस.
त्याच्या तोंडाला शाई लावायची, कागदावर टेकवायचं,
गोल उमटतं.
ती आत किती वेळ होती, देव जाणे.
पोलीस दोनदा खाकरला.

रात्री मोजणीत तो कागद माझ्याच हातात आला.
तिचाच, असं मी कसं म्हणू? मत गुप्त असतं.
पण गोल कुठल्याच काठीवर नव्हता.
एक काठी आणि दोन काठ्या
यांच्या मधल्या कोऱ्या जागेत,
नीट, अगदी मधोमध,
भोपळ्याच्या वाडग्याचं तोंड वरून दिसतं तसा.

अध्यक्ष म्हणाले, बाद.
मी लिहिलं, बाद.
अक्षर माझं चांगलं आहे.

दारूभट्टीवाला निवडून आला.
त्याने गावाला पिंपभर ताडी... नाही, चुकलो,
भाताची दारू पाजली. मीही प्यालो.

चौदा तारखेला तालुक्याच्या कचेरीत
निकालाची स्वच्छ प्रत करत होतो,
"बाद मते" या रकान्यापाशी आलो होतो,
आणि दिवे गेले.
वीजही पलीकडून येत होती,
तिकडच्या कुणीतरी तिचीही चावी फिरवली.

काडेपेटी शोधताना
खिडकीतून बाहेर पाहिलं.
कोरड्या शेताच्या बांधावर
कुणीतरी पांढऱ्या कपड्यांत उकिडवं बसलेलं,
वाडग्याने विहिरीचं पाणी
एकेका रोपाला घालत.

प्रत अजून माझ्याकडेच आहे.
त्या रकान्यात आकडा भरायचा राहिला.